घरी वाचून या!

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने लैंगिक आरोग्यावर लेख लिहावा याचे तुम्हांला नवल वाटेल. आमच्या गावातही पुष्कळांना वाटले. पण सुमारे तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे मी या भानगडीत का पडलो ते ध्यानात येईल.

मी तेव्हा दहावीत होतो आणि शाळेच्या वसतिगृहात राहत होतो. शास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा एक धडा होता. तो आला त्या दिवशी वर्गात विलक्षण शांतता पसरली. सरांनी पुस्तक उघडले, दोन पाने उलटली आणि ते म्हणाले, "हा धडा सोपा आहे. घरी वाचून या." लगेच विजेचा धडा सुरू झाला. (मला विजेची गोडी त्याच दिवशी लागली असे म्हणायला हरकत नाही!)

माझ्या खोलीत एक मुलगा होता. कबड्डीत त्याला धरणे कठीण जाई. त्या वर्षी तो हळूहळू गप्प झाला, जेवण कमी झाले, खेळ सुटला. पुढे एका रात्री त्याने मला कारण सांगितले. झोपेत कधीकधी त्याचे कपडे ओले होत. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती त्याने वाचल्या होत्या. 'स्वप्नदोष', 'धातू जाणे', 'अशक्तपणा' आणि खाली पत्ता. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून धातूचा एक थेंब होतो, असे कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवले होते. आपण आतून पोखरले जात आहोत अशी त्याची खात्री झाली होती. खाणावळीचे पैसे त्याने मनिऑर्डरीने त्या पत्त्यावर पाठवले. एक भुकटी आली. ती संपल्यावर आणखी पैसे मागणारे पत्र आले. त्या वर्षी तो नापास झाला आणि शाळा सोडून गेला.

त्याला कोणताही आजार नव्हता. वयात येणाऱ्या मुलांना झोपेत वीर्यपतन होणे ही दाढीमिशा फुटण्याइतकीच नैसर्गिक गोष्ट आहे. एवढे एक वाक्य सांगणारा माणूस त्याला भेटला नाही, आणि मला तर ते वाक्य तेव्हा ठाऊकच नव्हते.

पण गणित ठाऊक होते! ते तरी मी करायला हवे होते. आता तुम्हीच करून पाहा. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण तीन मिलिलिटर धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे साठ थेंब झाले. एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागत असतील, तर साठ थेंबांना २४०० थेंब, म्हणजे १२० मिलिलिटर रक्त लागेल. महिन्यातून चार वेळा असे झाले तर ४८० मिलिलिटर. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात आणि पुरुषाला पुन्हा रक्त देण्यापूर्वी तीन महिने थांबायला सांगतात. तेव्हा भिंतीवरचे शास्त्र खरे असते, तर वसतिगृहातली निम्मी मुले पंडुरोगाने अंथरुणाला खिळायला हवी होती. प्रत्यक्षात ती मुले रात्री भिंतीवरून उड्या मारून सिनेमाला जात होती! वीर्य रक्त आटवून तयार होत नाही. त्याचा बहुतेक भाग निरनिराळ्या ग्रंथींचा पाझर असतो, आणि शुक्रपेशी तर शरीर रोज कोट्यवधींनी नव्या बनवत असते.

हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. तरीही ती भुकटी पिढ्यान् पिढ्या खपली. का? गणित करायला आधी प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो, आणि हा प्रश्न मोठ्याने विचारायची सोय नव्हती. आजही फारशी नाही. २००५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीच्या नावाने त्याला दार लावले. 'घरी वाचून या' म्हणणारे आमचे सर एकटे नव्हते एवढाच याचा अर्थ.

म्हणूनच माझे असे मत आहे की, पॉडकास्ट हे या विषयासाठी जणू घडवून घेतलेले साधन आहे आणि शाळा-महाविद्यालयांनी ते हातात घ्यावे. हे मत काही अटींसह आहे. त्या पुढे येतीलच.

पॉडकास्ट म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकात प्रथम वापरला. 'आयपॉड' हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रक्षेपण, यांची ही जोडणी. आयपॉडचे उत्पादन २०२२ साली बंद झाले. यंत्र गेले, नाव राहिले. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो आणि हवेत विरतो. पॉडकास्ट मात्र वहीतल्या पानासारखा असतो. हवा तेव्हा काढावा, थांबवावा, कळले नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐकावा.

आता त्याचे वजन पाहू. निव्वळ बोलणे सेकंदाला ६४,००० बिट या गतीने साठवले तरी ते स्वच्छ ऐकू येते. आपल्या कानाला जे जाणवणार नाही ते गाळून टाकण्याची युक्ती त्यात असते. वीस मिनिटांचे १२०० सेकंद. गुणाकार करून आठाने भागा, म्हणजे सुमारे ९६ लाख बाइट, अर्थात साडेनऊ मेगाबाइटच्या आसपास येतात. त्याच वीस मिनिटांची चित्रफीत सहज दहापट जागा खाते. साध्या फोनवर, अडखळत्या नेटवर्कवरही हे ओझे उचलले जाते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना कोणाच्या खिशाला चाट बसत नाही.

पण खरी गंमत वजनात नाही, ती कानात आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात. तिथे मुलाने या विषयावरचे पुस्तक उघडले की सहाजणांना दिसते. पडद्यावर चित्र लागले की मागून जाणारा थबकतो. पण इअरफोनचा आवाज कानाच्या पोकळीत जेवढा भरतो, त्याचा अगदी क्षीण अंश बाहेर येतो, आणि तोही अंतराबरोबर झपाट्याने विरतो. (आवाज बेताचाच ठेवा बरे! आठवड्याला चाळीस तास ऐकायचे तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.) शेजारी बसलेल्या आजीला वाटते, नातू गाणी ऐकतो आहे. शिवाय चेहरे नसतात. सांगणाऱ्याला तुम्ही लाजलेले दिसत नाही, आणि तुम्हांला त्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. लाज ही बव्हंशी डोळ्यांची गोष्ट आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

इथे एका गणिताच्या प्राध्यापकाची आठवण करून देतो. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. त्यापायी पुढे नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. या मासिकात वाचक खाजगी अडचणी विचारत आणि कर्वे सरळ, कोरड्या, शास्त्रीय भाषेत उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला तो नेमका या उत्तरांवरून! त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला, आणि मासिक चालूच राहिले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, कर्व्यांनी नुसती व्याख्याने छापली नाहीत, त्यांनी लोकांना विचारू दिले. पॉडकास्ट काढणाऱ्याने हीच पहिली अट मानावी. आपल्याला काय सांगायचे आहे ते बाजूला ठेवून ऐकणाऱ्याला काय विचारायचे आहे तिथून सुरुवात करावी.

आम्ही गेल्या वर्षी हा प्रयोग केला. आमच्या महाविद्यालयाला लागून त्याच संस्थेचे हायस्कूल आहे. तिथे जिन्याखाली एक कुलूपबंद पेटी ठेवली. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही एवढाच नियम. पहिल्या आठवड्यात पेटीत तीन चिठ्ठ्या, दोन गोळ्यांचे कागद आणि माझे एक व्यंगचित्र निघाले. चित्र बरे होते. महिनाभरात चिठ्ठ्या पन्नासच्या वर गेल्या.

त्या वाचताना मला प्रथम हसू आले आणि नंतर ओशाळल्यासारखे झाले. यांत चावटपणाचे प्रश्न जवळजवळ नव्हतेच. 'एका बाजूची छाती मोठी आहे, कॅन्सर असेल का?' 'माझा आवाज अजून फुटला नाही.' 'पाळी दीड महिन्याने आली, काही बिघडले आहे का?' 'दर महिन्याला एवढे रक्त गेल्यावर ते संपत नाही का?' 'एड्स झालेल्या माणसाच्या डब्यातले खाल्ले तर?' आणि तीस वर्षांनंतरही तोच चाळीस थेंबांचा हिशेब, सहा वेगवेगळ्या अक्षरांत!

उत्तरे द्यायला आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाई तयार झाल्या. प्रश्न वाचायला माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गातली एक मुलगी आणि एक मुलगा. ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रयोगशाळेत केले, तर उघड्या भिंतींवरून आवाज असा परतत होता, की डॉक्टरबाई विहिरीतून बोलत आहेत असे वाटावे. मग खेळाच्या सामानाच्या खोलीत गेलो. तिथल्या कुस्तीच्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, आणि प्रतिध्वनी गेला.

पण खरा अडथळा गाद्यांनी जाण्यासारखा नव्हता. तो शब्दांचा होता. पहिला भाग ऐकून दहावीची एक मुलगी म्हणाली, "सर, मॅडम चांगल्या बोलल्या, पण परीक्षेचं वाटलं." तिचे खरे होते. शरीराच्या या भागांसाठी आपल्या मराठीत दोनच दुकाने आहेत. एकात संस्कृत शब्द मिळतात, ते पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी उच्चारत नाही. दुसऱ्यात शिव्या मिळतात. मध्ये काहीच नाही. पाळीला तर आपण 'कावळा शिवला' म्हणतो, 'बाहेरची झाली' म्हणतो, 'अडचण आहे' म्हणतो. बिचाऱ्या कावळ्याचा यात काय संबंध? ज्याला नाव नाही त्याची तक्रारही करता येत नाही. खाज सुटते, जळजळ होते, दुखते, पण कुठे ते सांगायला शब्द नाही म्हणून मुले डॉक्टरांसमोर 'पोटात दुखतं' म्हणतात आणि पोटाचे औषध घेऊन घरी येतात.

आम्ही शेवटी असे ठरवले की, पाठ्यपुस्तकातलेच शब्द वापरायचे, पण साध्या बोलण्यात, न अडखळता, पुन्हा पुन्हा. 'योनी', 'शिश्न', 'अंडकोष', 'स्तन' हे शब्द 'गुडघा' आणि 'कोपर' यांच्या सुरात म्हणायचे. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत वाचणाऱ्या मुलाचा आवाज सरळ झाला. ऐकणाऱ्यांचेही कान सरावले असावेत, कारण चिठ्ठ्यांतले 'ते' आणि 'तिथे' कमी होत गेले. लिहिलेल्या शब्दाने हे झाले नसते. शब्द तोंडात रुळायला आधी कानावर पडावा लागतो.

डॉक्टरबाईंनी दिलेली काही उत्तरे तुमच्यासाठी इथे देतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येऊ शकते, घाबरू नये. एका पाळीत जाणारे रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे पोहे खायचे दोन-तीन मोठे चमचे. ८० च्या वर जात असेल, कापड तासा-दोन तासांत भिजत असेल, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. दोन स्तन किंवा दोन वृषण तंतोतंत सारखे नसणे हा नियमच आहे, मात्र वृषणात एकाएकी जोराची कळ आली तर न लाजता त्याच क्षणी मोठ्यांना सांगावे. तिथे तासांचा प्रश्न असतो. एच.आय.व्ही. डब्यातून, हस्तांदोलनातून, डासातून पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, सुईतून आणि आईकडून बाळाला होऊ शकतो.

हे सर्व सुरळीत चालले असे समजू नका. पालकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्सचे. ह्यात कुठे पडता? नको ते ऐकून पोरं बिघडतील." त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. त्यांना दोन मुली आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. मी त्यांना युनेस्कोने २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेबद्दल सांगितले. जगभरच्या पाहण्या तपासून त्यात असे म्हटले आहे की, अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधाकडे वळत नाहीत, उलट काही ठिकाणी ते लांबणीवरच पडलेले दिसते. त्यांचे समाधान झाले नाही. मग मी त्यांच्या हाती फोन दिला आणि पाळीवरचा भाग लावला. त्यांनी तो पुरा ऐकला आणि म्हणाले, "हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही." सभा संपल्यावर त्यांनी तो भाग मागून घेतला. सगळेच पालक असे निघाले नाहीत. दोघांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली आणि आमचे काम दीड महिना बंद होते.

आता दुसरी अट. ध्वनिमुद्रण करणे आज इतके सोपे झाले आहे की, भिंतीवर जाहिरात रंगवणाराही तेच करू शकतो. किंबहुना करतोच. त्याच्या हाती आता भिंतीऐवजी तुमचा कान आहे. मासिकाला संपादक असतो, पॉडकास्टला असेलच असे नाही. म्हणून कोणताही भाग ऐकताना विचारा: बोलणाऱ्याचे नाव आणि शिक्षण सांगितले आहे का? तो कुठे काम करतो हे पडताळता येते का? 'हे मला ठाऊक नाही, डॉक्टरांना दाखवा' असे तो कधी म्हणतो का? आणि शेवटी काही विकतो का? भुकटी, तेल, गोळ्या किंवा 'खास सल्ला' विकायला काढला की कानातून बोंडे काढून टाका.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक सांगायचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल फोन असल्याचे आढळले. मुलींच्या बाबतीत फोन घरातल्या भावाचा असतो. मग इअरफोनच्या एकांताचे माझे सगळे गुणगान त्यांच्यासाठी फोल ठरते. आम्ही यावर उपाय म्हणून दर शनिवारी शिवणकामाच्या खोलीत मुलींसाठी एक भाग लावू लागलो, बरोबर एक शिक्षिका. मिळून ऐकण्याचे बळ वेगळेच असते. आकाशवाणीने १९९६-९७ साली 'तिनका तिनका सुख' नावाची हिंदी मालिका लावली होती. तिचा विषय हुंडा आणि मुलींची उपेक्षा हा होता. उत्तर प्रदेशातल्या लुटसान गावच्या लोकांनी ती मिळून ऐकली आणि आपण हुंडा घेणार-देणार नाही, असे सह्यांचे पत्र पाठवले. एकटे ऐकणाऱ्याने असे पत्र लिहिले असते असे मला वाटत नाही. तेव्हा शिक्षकांनी 'मुलांना लिंक पाठवली, काम झाले' असे मानू नये. ते 'घरी वाचून या'चेच नवे रूप होईल.

पॉडकास्ट तपासू शकत नाही, औषध देऊ शकत नाही. तो दारापर्यंत नेतो, आत डॉक्टर असावा लागतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्याखाली सरकारी रुग्णालयांत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सल्ला केंद्रे आहेत, महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने चालतात. आमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी त्यांचा उल्लेख असतो. तो का असतो ते एका चिठ्ठीमुळे मला पुरते कळले.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेटीत ती निघाली. पेन्सिलीने लिहिलेली, एकच ओळ. 'घरातल्याच माणसाने केले तर सांगायचे कोणाला?'

त्या दिवशी मला वर्गात शिकवता आले नाही. चिठ्ठीवर नाव नव्हते, कारण नाव लिहू नका असे मीच सांगितले होते. मी ती मुख्याध्यापिकाबाईंना दाखवली. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे अशी माहिती दडवून ठेवता येत नाही. त्यांनी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला तेव्हाच फोन केला. पण मूल कोणते?

दुसऱ्या दिवशी ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही सहा मिनिटांचा भाग काढला. डॉक्टरबाई एवढेच बोलल्या की, ज्याने चिठ्ठी लिहिली त्याचा यात काहीही दोष नाही. करणारा कोणीही असो, काका असो की आणखी कोणी, ते चूकच आहे. १०९८ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतो आणि पैसे पडत नाहीत. आणि शाळेतल्या शिवणाच्या बाई रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत एकट्या बसलेल्या असतील, दार उघडे असेल, आत येऊन काही न बोलता नुसते बसले तरी चालेल. तो भाग आम्ही सर्व वर्गांत लावला, म्हणजे तो कोणासाठी आहे हे कोणालाच कळू नये.

बाई रोज बसू लागल्या. पहिले आठ दिवस कोणी आले नाही. नवव्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी खोलीचे दार लोटलेले होते, आणि मुख्याध्यापिकाबाई घाईने तिकडे जाताना मला प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसल्या. कोण आले होते ते मी अजून विचारलेले नाही.